आठ बोल्टांची बैठक

ट्रॅक्टरचं जुनं इंजिन नव्यानं बांधून झालं की लोक त्याचा रंग पाहतात आणि पहिल्या स्टार्टचा आवाज ऐकतात. ज्याला या कामाची गोडी आहे त्यानं मात्र त्याच्या आधी यावं. तेलाचं चेंबर अजून बसलेलं नसतं, ब्लॉक स्टँडवर उलटा असतो, क्रँकशाफ्ट डोळ्यांसमोर असतो आणि चारही कनेक्टिंग रॉडच्या कॅप एकामागून एक चढत असतात. एका कॅपला दोन बोल्ट, असे एकूण आठ. इंजिनातल्या शेकडो भागांत किमतीनं ते फार मोठे नाहीत. पण त्यांतला एक जरी धावत्या इंजिनात तुटला तरी रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. म्हणून हे आठ बोल्ट कसे बसवले जातात, यावर बांधणाऱ्याचा हात ओळखावा.

मी हे काम माटुंगा पूर्वेच्या एका गाळ्यात निवांत पाहिलं. इंजिन परदेशी, कांदिवलीचे ट्रॅक्टर निघण्याआधी आयात झालेल्या पिढीतलं. बांधणारे मिस्त्री रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. मालक सातारा जिल्ह्यातले बागायतदार. आजोबांचा ट्रॅक्टर पुन्हा शेतात फिरवायचा, एवढीच त्यांची हौस.

माटुंग्यात हे काम पाहण्यात एक औचित्य आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेचं डब्यांचं वर्कशॉप इथे १९१५ साली उभं राहिलं. १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था भायखळ्याहून १९२३ साली इथे आली. भायखळ्याच्या दिवसांत याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांचं ड्रॉइंग शिकवत असत. पुढे लोखंडी नांगर आणि शेतीची अवजारं त्यांनी महाराष्ट्राच्या शिवारात पोहोचवली. एका बाजूला कागदावरची नेमकी रेघ, दुसऱ्या बाजूला कानस आणि पाना धरणारा हात, अशा दोन्ही परंपरा या वस्तीनं सांभाळल्या. इकडे १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली आणि कांदिवलीहून बी-२७५ ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. १९७७ साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. म्हणजे मुंबई ही गिरण्यांची तशी ट्रॅक्टरचीही जन्मभूमी, हे शहराला फारसं आठवत नसलं तरी इथल्या मिस्त्र्यांना ठाऊक असतं.

आता कामाकडे. पहिली खुबी समजून घ्यायची ती भाराची. सिलिंडरमध्ये इंधन पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो तेव्हा सगळा जोर या बोल्टांवर येत असेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो जोर रॉडमधून सरळ क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे रॉड ज्याला धरतो त्या गोल भागावर, दाबला जातो. कॅप जर्नलच्या पलीकडच्या अंगाला असते, त्यामुळे त्या क्षणी बोल्ट जवळजवळ निवांत असतात. त्यांची परीक्षा होते ती धूर बाहेर टाकणाऱ्या एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी. पिस्टन वेगानं वर आलेला असतो, वर त्याला अडवायला दाबलेली हवा नसते, आणि क्रँक त्याला खाली ओढू लागतो. ती ओढ कॅपमधून, म्हणजेच दोन बोल्टांमधून जाते.

हिशेब करून पाहू. स्ट्रोक १०० मिलिमीटर, वेग मिनिटाला १८०० फेरे. पिस्टन, त्याची पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून दीड किलो. त्या टोकाला एवढ्याशा वजनाची ओढ सुमारे ३४० किलोंची होते. हे दर सेकंदाला १५ वेळा घडतं, तासाला ५४,००० वेळा. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, म्हणून उतारावर गियर निसटून इंजिन भरकटलं की आधी धोक्यात येतात ते हेच बोल्ट. ज्या घावाला आवाज नाही, धूर नाही, त्या घावासाठी हा सगळा बंदोबस्त आहे. मिस्त्री बोल्ट हातात घेतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ही शांत ओढ असते आणि पुढची प्रत्येक हालचाल तिलाच उद्देशून असते.

मग बोल्ट स्वतः. डिझेलमध्ये धुऊन, पुसून आठही ओळीनं मांडलेले असतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या बोल्टाशेजारी एक ठेवून पाहावा. डोक्याची एक बाजू सपाट कापलेली असते. रॉडच्या खांद्याला ती टेकते आणि नट आवळताना बोल्ट फिरत नाही. डोक्याखालचा कोपरा काटकोनी नसतो, त्याला बारीक गोलाई दिलेली असते. धारदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. आणि दांड्याच्या मधोमध, कॅप आणि रॉड जिथे भेटतात नेमक्या त्या उंचीवर, एक घासून गुळगुळीत केलेला पट्टा असतो. बाकीचा दांडा भोकात सैल, हा पट्टा मात्र अंगठ्यानं रेटत न्यावा लागेल इतका चपखल.

हा पट्टा पाहून मला फार आनंद झाला. कॅप आडवी सरकू न देणं हे त्याचं काम. बोल्ट सैल कसे होतात याचा छडा गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली लावला. उभ्या ओढीपेक्षा आडव्या घसरणीनं नट लवकर फिरतो, हे त्यानं यंत्रावर हलवून दाखवलं. पण त्याच्या कित्येक दशकं आधी कुणा अनाम आरेखकानं दांड्याच्या मध्यावर हा पट्टा ठेवून आडवी घसरण बंद करून टाकली होती. मिस्त्री प्रत्येक पट्ट्यावरून नख फिरवतात. नख अडलं, लालसर भुकटी दिसली, की तिथे घासणं चाललं होतं असं समजायचं. नखाच्या एका फेरीत बोल्टाचा सगळा पूर्वेतिहास वाचून होतो.

आट्यांची तपासणीही अशीच. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मध्ये कुठे जड जाता कामा नये. आटे जिथे संपतात त्या गळ्याशी बोल्ट किंचित बारीक झाला असेल तर तो एकदा मर्यादेपलीकडे ताणला गेलेला आहे. असा बोल्ट बाजूला. मायक्रोमीटरनं आठांची लांबी मोजून वहीत लिहिली जाते. इथे रेल्वेचा संस्कार दिसला. मिस्त्र्यांच्या पेटीत पाने दोन घराण्यांचे, एक व्हिटवर्थ आणि एक अमेरिकन. व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं १८४१ साली मांडलेल्या आट्यांचा कोन ५५ अंश, अमेरिकन आट्यांचा ६०. सात सोळांश इंचाच्या बीएसएफ, म्हणजे व्हिटवर्थ घराण्यातल्या बारीक आट्याच्या बोल्टाला इंचात १८ आटे, तेवढ्याच जाडीच्या अमेरिकन बारीक आट्याच्या बोल्टाला २०. एका घराण्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर दोन फेरे चढतो आणि मग अडतो. अननुभवी माणूस तिथे जोर लावतो. मिस्त्री आटेमापकाची दातेरी पट्टी आट्यांवर टेकवून उजेडासमोर धरतात आणि मगच पाना उचलतात.

पुढची पायरी कॅपची. रॉड आणि त्याची कॅप ही जोडी कारखान्यात एकत्र बांधून, एकत्रच भोक पाडून तयार होते. म्हणून रॉडवर आणि कॅपवर एकाच बाजूला एकच आकडा ठोकलेला असतो. दोनची कॅप तीनला चालत नाही, आणि दोनची कॅप दोनलाच पण उलटी बसवली तरी चालत नाही. मिस्त्री आकडे समोरासमोर आणून बोट टेकवतात आणि मोठ्यानं म्हणतात, ‘दोनला दोन.’ हाताखालचा पोरगाही म्हणतो, ‘दोनला दोन.’ पोरगा नवीन, पण हा उच्चार चुकवत नाही. काम पाहणाऱ्याला हे कर्मकांड वाटेल. मला त्यात वर्कशॉपची शिस्त दिसली. डोळ्यांनी पाहिलेलं तोंडानं म्हटलं की दुसऱ्या जोडीच्या डोळ्यांनाही तपासावं लागतं.

कॅपच्या आत बेरिंगचा अर्धगोल शेल बसतो, त्याचा जोडीदार रॉडमध्ये. तो आपल्या खोबणीच्या काठाहून एखादा थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर उरलेला असतो. नवख्याला वाटतं माल चुकीचा आला. उलट, ही उंची मुद्दाम ठेवलेली असते. कॅप आवळली की दोन्ही शेलची टोकं एकमेकांवर दाबली जातात, शेल बाहेरच्या बाजूला पसरून रॉडला घट्ट चिकटतो आणि त्याची उष्णता रॉडमध्ये उतरते. बोल्टाच्या ताणातला एक हिस्सा या दाबण्यातच खर्च होतो. घिसाडघाईच्या दुरुस्तीत बेरिंग सैल वाटलं की कॅपच्या तोंडावर कानस मारायची एक वाईट चाल आहे. त्यानं ढिलाई तेवढ्यापुरती जाते, पण गोल भोक लंबगोल होतं आणि कॅप कायमची बिघडते. या गाळ्यात कॅपच्या तोंडाला कानस लागत नाही. ती तोंडं तळहातानं पुसली जातात, कापडानं नव्हे, कारण कापडाचा एक धागा अडकला तरी तो त्या थाऊच्या हिशेबात शिरतो.

ढिलाई मोजायला प्लास्टिगेज. मेणासारख्या प्लॅस्टिकचा बारीक धागा कोरड्या जर्नलवर आडवा ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळाच्या जोरावर आवळायची, क्रँक तसूभरही न हलवता पुन्हा खोलायची आणि चपटा झालेला धागा पट्टीशी ताडून पाहायचा. रुंद म्हणजे जागा कमी, अरुंद म्हणजे जास्त. मिस्त्री धाग्याची दोन्ही टोकं पाहतात. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद निघाला तर जर्नल निमुळता झालेला आहे. एकाच धाग्याकडून त्यांनी आकडा घेतला आणि आकारही घेतला. जिथे एक प्रश्न विचारायची सोय आहे तिथे दोन उत्तरं काढून घेणं, हे मुरलेल्या कारागिराचं लक्षण.

आता आवळणं. या कामाचा गाभा असा, की घट्ट आवळलेला बोल्ट हा ताणलेली स्प्रिंग असतो. सात सोळांशचा, तेल लावलेला बोल्ट उदाहरणादाखल ४५ फूट-पाउंडवर आवळला तर त्याच्यात साडेतीन टनांहून जास्त ताण साठतो. दोन बोल्टांचे मिळून सात टन. समोर ओढ ३४० किलोंची. ओढीच्या वीसपट ताण आधीच भरून ठेवलेला असल्यानं कॅप आणि रॉड कधी विलग होत नाहीत, आणि ओढीचा अगदी थोडा वाटा बोल्टापर्यंत पोहोचतो. बाकीचा वाटा एकमेकांवर दाबलेलं लोखंडच सोसतं. सैल बोल्टाला मात्र प्रत्येक हिसका पूर्ण झेलावा लागतो, तासाला ५४,००० वेळा. म्हणून बोल्ट बहुधा कमी आवळल्यानं थकून तुटतो. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण हिशेब मांडला की पटतं.

पण पान्याला लावलेला जोर सगळा ताणात जात नाही. साधारण निम्मा नटाच्या बैठकीखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. त्यामुळे घर्षण थोडं बदललं तरी ताण पुष्कळ बदलतो. तोच ४५चा आकडा कोरड्या आट्यांवर लावला तर ताण साडेतीनऐवजी पावणेतीन टनांच्या घरात राहतो. इंजिनाच्या पुस्तिकेत ‘तेल लावून’ म्हटलं असेल तर तेल लावायचंच. मिस्त्री इंजिन ऑइलचा थेंब आट्यांवर सोडतात, आणि त्याच बोटानं नटाच्या खालच्या तोंडावरही फिरवतात. बहुतेक जण आट्यांवर थांबतात. निम्मं घर्षण जिथे आहे तिथे तेल पोहोचवणारं ते बोट पाहिलं, आणि मला वाटलं की भौतिकशास्त्राचा तास इथे कुणी न घेताच पार पडला.

आवळायची पद्धत टप्प्यांची. आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. आणि दर टप्प्याला या बोल्टावरून त्या बोल्टावर. माटुंग्यात मृदंग मिळवणारा कलावंत असाच एका जागी हातोडी मारून समोरच्या जागी जातो, कारण एकच बाजू चढवली तर सूर वाकडा लागतो. इथे वाकडी बसते ती कॅप. टॉर्क पान्याची मूठ मिस्त्री मध्यावर धरतात आणि शेवटची ओढ न थांबता, एका दमात घेतात. मध्येच थांबलं की नट चिकटतो. पुन्हा हलवायला लागणारा जादा जोर पान्याच्या काट्यावर दिसतो, बोल्टात मात्र पोहोचत नाही. काटा खरा आणि बोल्ट सैल, अशी फसगत त्यातून होते. तसं झालंच तर मिस्त्री काट्यावर विश्वास ठेवत नाहीत. नट मागे घेतात आणि ती ओढ नव्यानं घेतात.

एक बोल्ट पूर्ण झाला की पुन्हा मायक्रोमीटर. आवळण्याआधीची लांबी वहीत आहेच. दोन इंचांहून थोडी जास्त पकड असलेला असा बोल्ट पूर्ण ताणात चार-पाच थाऊ लांब होतो. टॉर्क पाना घर्षणातून अंदाज सांगतो, लांबी थेट ताण सांगते. रॉडच्या बोल्टाची दोन्ही टोकं मोकळी असल्यानं इथे हे मोजमाप जमतं. हेडच्या बोल्टांना ही सोय नाही. मिस्त्री आठपैकी आठही मोजतात. मी विचारलं, दोन-तीन मोजले तर पुरणार नाही का? ते म्हणाले, ‘तुटणारा कोण ते आधी कळलं असतं तर तेवढाच मोजला असता.’ यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

प्रत्येक रॉडनंतर क्रँक हातानं फिरवून पाहिला जातो. चारही आवळून झाल्यावर एकदम फिरवलं आणि जड गेलं तर कुठे अडतं ते शोधायला सगळं खोलावं लागेल. एकेक फिरवलं तर दोष आपला पत्ता स्वतः सांगतो. शिवाय रॉड जर्नलवर डावी-उजवीकडे बोटानं सरकवला जातो. बारीक ‘टक’ आवाज आला पाहिजे. मग त्या बारीक जागेत फिलर गेजची पट्टी जाते. पट्टी पुस्तिकेच्या आकड्याची साक्ष काढते, पण निकाल बोटांनी आधीच दिलेला असतो.

आता रसिकानं खुर्ची पुढे सरकवावी अशी जागा येते. या इंजिनाला कॅसल नट आहेत: माथ्यावर सहा खाचा, आणि बोल्टाच्या टोकाला एक आरपार भोक. खाच भोकासमोर आली की त्यातून स्प्लिट पिन जाते. पण टॉर्क पुरा झाला त्या क्षणी खाच भोकासमोर येईलच असं नाही. बहुतेकदा येत नाहीच. आता काय करायचं?

सोपा मार्ग म्हणजे नट जरा मागे घ्यायचा आणि पिन घालून मोकळं व्हायचं. याची किंमत किती ते पाहा. इंचात २० आटे म्हणजे एका फेऱ्याला नट ५० थाऊ सरकतो. एका खाचेपासून दुसरीपर्यंत सहावा भाग, म्हणजे आठ थाऊंहून थोडं जास्त. आणि पूर्ण आवळलेल्या बोल्टाचा सगळा ताण आहे चार-पाच थाऊंचा. अर्धी खाच मागे घेतली तरी नट चार थाऊ सैल होतो. म्हणजे बोल्टात भरलेला जवळजवळ सगळा ताण पिनेच्या सोयीसाठी ओतून दिला. उलट, पूर्ण खाच पुढे रेटली तर बोल्ट आपल्या मर्यादेपलीकडे ताणला जाऊन कायमचा लांबतो. मागेही जाता येत नाही, पुढेही फार जाता येत नाही. पुस्तिकेनं टॉर्कची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. त्या पट्ट्यात खाच आली तर ठीक.

नाही आली तर मिस्त्री नट काढून घेतात. काचेच्या जाड तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर, त्यावर तेलाचे दोन थेंब, आणि नटाचं खालचं तोंड त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायचं. सरळ रेषेत घासलं तर बोटांच्या दाबानं एक बाजू जास्त झिजते; आठाच्या वळणात दाब सगळीकडे वाटला जातो. खाच पंधरा अंश पुढे हवी असेल तर तोंडावरून साधारण दोन थाऊ काढायचे. घासायचं, धुवायचं, पुन्हा चढवायचं, टॉर्क लावायचा, पाहायचं. अजून अर्धा थाऊ. पुन्हा. तोंड बोल्टाला काटकोनात राहिलंय ना, हे निळा रंग लावून सपाट लोखंडावर टेकवून बघायचं. ठसा अखंड गोल उमटला पाहिजे; तुटक उमटला तर नट एका कडेवर बसणार आणि बोल्ट वाकणार. एका नटाला त्यांनी हा फेरा तीनदा घेतला. चौथ्या वेळी टॉर्कचा आकडा आणि खाच एकाच क्षणी जागेवर आले. ताण पुरा आणि पिनेची वाट मोकळी, या दोन अटी एकाच नटात जमवायच्या तर लोखंडच दोन थाऊंनी बदलावं लागलं. इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षी फिटिंगच्या तासाला मुलांना लोखंडाचा तुकडा दिवसचे दिवस कानशीनं घासायला लावतात, मुलं कंटाळतात. त्या कंटाळ्याचं सार्थक या काचेवर दिसतं.

पिन घालण्यातही ढंग आहे. पिन नवीनच हवी. एकदा वाकवून सरळ केलेल्या पिनेच्या वळणात थकवा साठलेला असतो. भोकात ती सैल खेळता कामा नये आणि ठोकूनही जाता कामा नये. हलक्या हातोडीच्या एका टिचकीनं तिचं डोकं खाचेत उतरून बसलं पाहिजे. मग दोन पाय. एक पाय बोल्टाच्या माथ्यावर उलटा दुमडायचा, दुसरा नटाच्या सपाट अंगावरून खाली. माथ्यावरचा पाय टोकाच्या कडेपलीकडे लोंबता कामा नये, खालचा पाय रॉडला टेकता कामा नये. जास्तीची लांबी कापताना पोरगा पक्कडीच्या तोंडाशी बोटांनी टोक धरून ठेवतो. सुटून उडालेला तुकडा उलट्या ब्लॉकमध्ये पडला तर थेट सिलिंडरच्या लायनरमध्ये जाऊन बसेल. आठ पिना, कापलेले सोळा तुकडे. ते एका झाकणात जमा होतात आणि शेवटी मोजले जातात. वळणं पिळलेली नाहीत, चेपलेली नाहीत; आठही एकाच हातानं वाकवलेली आहेत हे न सांगता कळतं. रेल्वेच्या डब्याखाली ब्रेकच्या जोडणीत जागोजागी अशा पिना असतात. आयुष्यभर त्या वाकवलेल्या हाताला आता मोजमापाची गरज उरलेली नाही.

सगळ्या इंजिनांना पिना नसतात, हेही रसिकानं जाणावं. काहींना पातळ पत्र्याचे कान असलेला वायसर असतो. त्याचा एक कान रॉडला धरतो, दुसरा नटाच्या सपाट अंगावर उभा ठोकतात. कान कोपऱ्यावर ठोकला तर तो नुसता शोभेचा. काहींना बोल्टाच्या डोक्यातून तार ओवतात, आणि ती अशा दिशेनं पिळतात की बोल्ट सुटायला लागला तर तारच त्याला आवळेल. आणि आजच्या इंजिनांत काहीच नसतं. बोल्ट ठरल्या टॉर्कपर्यंत आवळून पुढे मोजून काही अंश फिरवतात, त्याला त्याच्या लवचीकतेच्या काठापर्यंत नेतात आणि तसाच सोडून देतात. कुलूप नाही, कारण ताणच पुरेसा आहे. इतिहासाचा हा प्रवास पाहिला की जुन्या पिनेचं खरं स्थान समजतं. पिन ताण धरून ठेवत नाही. खाचेत तिला थोडी हालचाल असतेच आणि तेवढ्या हालचालीत ताण निघून जायला पुरेसा वाव असतो. ताण गेल्यावरही नट गळून पडू नये, एवढीच तिची हमी.

म्हणूनच या कामाची चव मला दुहेरी वाटते. आधी बोल्टात पुरेपूर ताण भरायचा, घर्षण ओळखून, लांबी मोजून, बैठक घासून. म्हणजे पिनेला कधी कामच पडू नये. आणि मग ती पिन अशा निगुतीनं वाकवायची, की जणू सगळी भिस्त तिच्यावरच आहे. कमी प्रतीचा मिस्त्री या दोहोंतलं एक करतो. पिन भक्कम म्हणून ताणाकडे दुर्लक्ष, किंवा ताण भरला म्हणून पिन कशीतरी. दोन्ही गोष्टी एकमेकींवर न विसंबता पूर्ण करणं, ही या विद्येची उंची आहे.

याची परीक्षाही इंजिनच घेतं, पुढच्या वेळी खोललं जाईल तेव्हा. पिन काढून तिचा मधला भाग उजेडात धरावा. नट हलत असेल तर खाचेच्या कडांनी पिनेवर चकचकीत खड्डे पाडलेले असतात. नट जागचा हलला नसेल तर पिन तेलानं काळवंडलेली असते, पण घासल्याची खूण नसते. मालकांनी विचारलं, ‘मिस्त्री, या पिना किती वर्षं टिकतील?’ मिस्त्री हात पुसत म्हणाले, ‘टिकायचं काम बोल्टाचं. पिना तुम्ही खोलाल तेव्हा कोऱ्या निघाल्या पाहिजेत.’